मेंदूचा कारभार
(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



कार्यकारिणीने 'मेंदू' हा विषय सुचवला तेव्हा आम्ही आधी हातच जोडले होते. आम्ही ना डॉक्टर, ना प्राध्यापक. बँकेत कारकुनी करणारी माणसे. बी.ए.ला मानसशास्त्र होते खरे, पण ते परीक्षेपुरते. मेंदूच्या चित्रात चार भाग चार रंगांनी रंगवायचे, नावे घालायची आणि पाच गुण घ्यायचे, एवढीच आमची त्या विषयाशी ओळख. तरीही शेवटी विषय घेतला, त्याला एक कारण घडले. ते आधी सांगतो.

नोव्हेंबर महिना आला की बँकेत हयातीच्या दाखल्यासाठी पेन्शनरांची रांग लागते. आता घरबसल्या मोबाइलवरूनही दाखला देता येतो, पण पुष्कळ मंडळी अजून स्वतः येतात. दोन वर्षांपूर्वी असेच एक वयस्क गृहस्थ आले. उजवा हात लुळा पडलेला, मुलाने दंडाला धरलेले. मुलगा म्हणाला, "लकवा झालाय, वाचा गेलीय." आम्ही त्या गृहस्थांकडे न पाहता मुलालाच विचारले, "यांना कळतं का काही?" मुलगा गप्प राहिला. आम्ही फॉर्म भरू लागलो. तेवढ्यात त्यांनी डाव्या हाताचे बोट फॉर्मवर टेकवले आणि "हो हो हो" असे सुरू केले. आम्ही म्हणालो, "थांबा काका, होतंय." बोट काही हलेना. शेवटी नीट पाहिले, तर निवृत्तीचे वर्ष आम्ही चुकीचे लिहिले होते. २००६ च्या जागी २००९. ज्यांना काही कळते का म्हणून आम्ही विचारत होतो, त्यांनी आमची चूक पकडली होती!

लाज अधिक यासाठी वाटली, की आमच्या घरातच हे सारे घडून गेलेले होते. २०११ साली आमच्या मामांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणे गेले. नातेवाईक भेटायला येत आणि मामांच्या उशाशी बसून, मामा ऐकत असताना, "आता काही समजत नाही बिचाऱ्यांना" असे मामींना सांगत. त्या वेळी आम्हीही मान डोलावली होती. बँकेतल्या प्रसंगानंतर आम्ही ग्रंथालयात जाऊन वाचायला लागलो, आणि लक्षात आले की मेंदूबद्दल आपली जी समजूत असते, तिच्याप्रमाणे आपण समोरच्या आजारी माणसाशी वागतो. समजूत चुकीची असेल तर वागणेही चुकते. म्हणून आज मेंदूविषयीच्या दोन-तीन मोठ्या उपपत्ती आपल्यापुढे ठेवायच्या आहेत. या शास्त्राला न्यूरोसायकॉलॉजी म्हणतात. मेंदूच्या कोणत्या भागाला इजा झाली की मनाचा कोणता व्यवहार बिघडतो, हे पाहता पाहता मेंदूचा कारभार समजून घेणारे हे शास्त्र आहे.

सुरुवात एका चुकीपासून करावी लागेल. अठराव्या शतकाच्या अखेरीस व्हिएन्ना शहरात फ्रान्झ योसेफ गाल नावाचे वैद्य होते. शाळेत असताना त्यांनी पाहिले, की पाठांतरात आपल्याला मागे टाकणाऱ्या मुलांचे डोळे मोठे आणि बाहेर आलेले आहेत. त्यावरून त्यांनी तर्क केला की शब्दांची स्मृती डोळ्यांच्या मागच्या भागात असली पाहिजे. पुढे हा तर्क वाढत वाढत गेला. मनाच्या २७ शक्ती आहेत, प्रत्येकीचे मेंदूत वेगळे ठाणे आहे, जी शक्ती मोठी तिचे ठाणे मोठे आणि त्या जागी कवटीला उंचवटा. म्हणजे डोके चाचपले की माणूस कळला! ऑस्ट्रियाच्या सम्राटाने ही शिकवण धर्माला बाधक म्हणून त्यांची व्याख्याने बंद पाडली. पण विचाराला बंदी केली की त्याचा प्रसारच होतो. गाल पॅरिसला गेले आणि त्यांच्या शिष्यांनी हे कवटीशास्त्र इंग्लंड-अमेरिकेपर्यंत नेले. लोक पैसे मोजून डोके तपासून घेऊ लागले.

गाल यांची एक गोष्ट खरी ठरली. मनाचे व्यवहार मेंदूतच चालतात आणि मेंदूचे सगळे भाग एकच काम करत नाहीत, ही ती गोष्ट. उंचवट्यांची गोष्ट मात्र साफ खोटी निघाली. कवटीचा बाहेरचा आकार आतल्या मेंदूच्या गुणांविषयी काहीच सांगत नाही.

इथे आपल्या समाजाने कान टवकारले पाहिजेत. माणसाचे डोके, नाक मोजून त्याची योग्यता ठरवण्याची सवय आपल्या देशातही आणली गेली. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ली यांनी लोकांच्या नाकांची मापे घेऊन जातींची उतरंड नाकाच्या रुंदीशी जोडली. त्यासाठी त्यांनी तोपिनार या फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञाच्या मोजमापाच्या पद्धती वापरल्या होत्या. पुढे १९४८ साली अस्पृश्यांच्या उगमावरील ग्रंथात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हीच नाकांची मापे हाती घेतली आणि दाखवले, की या मापांवर विश्वास ठेवायचा असेल तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात. विरोधकाचीच मोजपट्टी घेऊन विरोधकाला मोजले!

आणि हे सगळे जुने झाले असे विद्यार्थ्यांनी समजू नये. आजही आपल्या शहरांतून मुलांच्या बोटांचे ठसे घेऊन 'तुमचे मूल गणितात चालेल, कलेत चालणार नाही' असे छापील अहवाल देणाऱ्या चाचण्या विकल्या जातात. आमच्याच वसाहतीतल्या एका पालकांनी कर्ज काढायची वेळ असताना त्यासाठी हजारो रुपये भरले. ठशांवरून बँकेत माणसाची ओळख पटते, ते आमचे रोजचे काम आहे. बुद्धी पटत नाही. याला कसलाही शास्त्रीय आधार नाही.

असो. गाल यांना पहिला जोरदार विरोध केला तो फ्रान्समधल्याच पिएर फ्लुरांस यांनी. कबुतरे, कोंबड्या यांच्या मेंदूचे भाग काढून त्यांनी पाहिले. लहान मेंदू काढला की तोल जातो, खालचा भाग दुखावला की श्वास थांबतो, हे त्यांना दिसले. मोठ्या मेंदूत मात्र अशी ठाणी सापडली नाहीत. जेवढा भाग जास्त काढावा तेवढे सगळेच व्यवहार मंदावत. म्हणून त्यांनी म्हटले, मोठा मेंदू एकसंध काम करतो. कबुतराच्या मेंदूवरून माणसाच्या भाषेबद्दल कसे बोलणार, हा प्रश्न उरलाच.

त्या प्रश्नाला उत्तर आले १८६१ साली, आणि ते एका गरीब कामगाराच्या मेंदूतून आले. त्यांची हकिगत आम्ही जरा सविस्तर सांगणार आहोत.

पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात लेबॉर्न्य नावाचे ५१ वर्षांचे रुग्ण होते. तरुणपणापासून त्यांना फिट येत. तिसाव्या वर्षी वाचा गेली आणि तेव्हापासून ते रुग्णालयातच होते. काहीही विचारा, उत्तर एकच, "तॉं तॉं". म्हणून सगळे त्यांना त्याच नावाने ओळखत. पुढे उजवा हात गेला, मग उजवा पाय गेला. त्या पायाला मोठा संसर्ग झाला म्हणून एप्रिल १८६१ मध्ये त्यांना शस्त्रक्रियेच्या विभागात आणले. तिथले शल्यचिकित्सक होते पॉल ब्रोका.

ब्रोकांनी त्यांना विचारले, तुम्ही इथे किती वर्षे आहात? लेबॉर्न्य यांनी डाव्या हाताचा पंजा चार वेळा उघडला आणि वर एक बोट दाखवले. चार पंचे वीस आणि एक, एकवीस वर्षे. अगदी बरोबर! दुसऱ्या दिवशी ब्रोकांनी पुन्हा विचारले, पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्यांदा विचारले तेव्हा, हा डॉक्टर आपली परीक्षा घेतो आहे हे त्यांच्या ध्यानात आले. ते संतापले आणि त्यांच्या तोंडून एक खणखणीत शिवी बाहेर पडली. "तॉं"शिवाय दुसरे काही ब्रोकांनी त्यांच्या तोंडून ऐकले ते तेवढ्या एका वेळी.

बंधूंनो, हे वाचताना आमच्या डोळ्यांपुढे फॉर्मवरचे ते बोट आले. एकवीस वर्षे सारे ज्यांना फक्त 'तॉं' म्हणत होते, ते दिवस मोजत होते.

१७ एप्रिलला लेबॉर्न्य वारले. ब्रोकांनी त्यांचा मेंदू तपासला, तेव्हा डाव्या बाजूला, कपाळामागच्या भागात खालच्या अंगाला नासलेली जागा दिसली. त्याच वर्षी तसाच दुसरा रुग्ण मिळाला आणि जागाही तीच निघाली. पुढे १८६५ पर्यंत ब्रोकांनी ठामपणे मांडले, की बोलण्याचे काम मेंदूचा डावा भाग करतो. शास्त्रात हा मोठा टप्पा समजला जातो. मात्र हेच ब्रोका कवट्या मोजण्याच्या शास्त्राचे अग्रणी होते, मेंदूच्या आकारावरून स्त्री-पुरुष आणि वंश यांची उच्चनीचता मानत होते. वर ज्यांचा उल्लेख केला ते तोपिनार ब्रोकांचेच शिष्य. एका हाताने माणसाची वाचा कुठे हरवते ते शोधले, दुसऱ्या हाताने माणसाला तराजूत घातले. थोरांची पूजा करताना आपण दोन्ही हात पाहावेत.

ब्रोकांनंतर मेंदूवर ठाण्यांच्या पाट्या लावण्याचा सपाटाच सुरू झाला. १८७० मध्ये फ्रिच आणि हिट्झिग यांनी कुत्र्याच्या मेंदूला विजेचा हलका स्पर्श करून त्याचे पाय हलवून दाखवले. १८७४ मध्ये अवघ्या २६ वर्षांच्या कार्ल वेर्निके यांनी वेगळे रुग्ण पाहिले. हे लोक भराभर बोलत, पण बोलण्याला अर्थ नसे आणि दुसऱ्याचे बोलणे त्यांना समजत नसे. यांची इजा डाव्या कानशिलामागे होती. वेर्निके यांची खरी हुशारी पुढेच आहे. समजण्याची जागा एक आणि बोलण्याची दुसरी, तर दोघींना जोडणारी वाट तुटली तर काय होईल? माणसाला समजेल, बोलताही येईल, पण ऐकलेले जसेच्या तसे म्हणता येणार नाही. पुढे असे रुग्ण खरोखर आढळले. ठाण्यांबरोबर वाटांचाही विचार करावा लागतो, ही गोष्ट तेव्हा आली.

लंडनचे डॉक्टर ह्यूलिंग्ज जॅक्सन मात्र या सगळ्यांना सावध करत होते. त्यांचे म्हणणे असे, की कुठे इजा झाल्याने वाचा जाते ते सांगणे वेगळे आणि वाचा कुठे राहते ते सांगणे वेगळे. आम्हाला हे आमच्या भाषेत पटले. पूर्वी बँकेत टोकनाची पद्धत होती. आधी चेक घेऊन टोकन देणारा, मग खातेवही पाहणारा, मग सही तपासून पास करणारा अधिकारी, शेवटी कॅशियर. कॅशियर रजेवर गेला की पैसे मिळणे बंद. म्हणून काय खातेदाराची शिल्लक कॅशियरच्या पिंजऱ्यात असते?

आता नवल पाहा. लेबॉर्न्य यांचा मेंदू ब्रोकांनी कापला नाही, जपून ठेवला. २००७ साली शास्त्रज्ञांनी त्या जुन्या मेंदूचे एमआरआय केले, तेव्हा इजा ब्रोकांना वरून दिसली त्याहून खूप खोल आणि मोठी निघाली. जॅक्सन यांची शंका खरी होती.

जॅक्सन यांनी आणखी एक गोष्ट पाहिली. ज्यांना साधे वाक्य जुळवता येत नाही, त्यांच्या तोंडून शिवी, सवयीचे शब्द, पाठ केलेली रांग सहज निघते. विचार करून जुळवलेले बोलणे वेगळे आणि आपोआप येणारे बोलणे वेगळे. पहिले गेले तरी दुसरे राहू शकते. याचा अनुभव आम्ही घेतला आहे. मामांना आजारी पडून तीन-चार महिने झाले होते. घरी पौर्णिमेला सगळे वंदनेला बसले. ज्या मामांना "पाणी" म्हणता येत नव्हते, ते त्रिशरण-पंचशील पहिल्यापासून शेवटपर्यंत सर्वांबरोबर म्हणाले. मामी रडायलाच लागल्या. कोणी म्हणाले चमत्कार झाला. आम्हालाही तसेच वाटले होते. दुसऱ्या दिवशी मामा पुन्हा पाण्यासाठी भांडे वाजवू लागले तेव्हा तेच लोक म्हणाले, "हे सोंग करतात की काय?" चमत्कारही नव्हता आणि सोंगही नव्हते. चाळीस-पन्नास वर्षे रोज लयीत म्हटलेले शब्द एका वाटेने येतात आणि 'मला पाणी दे' हे त्या क्षणी जुळवायचे वाक्य दुसऱ्या वाटेने. मामांची दुसरी वाट खचली होती. १९७३ पासून लयीचा आधार घेऊन बोलणे शिकवण्याची एक उपचारपद्धतीच आहे, हे आम्हाला फार उशिरा कळले.

विसाव्या शतकात पुन्हा लंबक दुसरीकडे गेला. अमेरिकेत कार्ल लॅशले यांनी उंदरांना चक्रव्यूह शिकवला, मग त्यांच्या मेंदूचे वेगवेगळे तुकडे काढून पाहिले. १९२९ च्या पुस्तकात त्यांनी लिहिले, की शिकलेले विसरणे हे कोणता तुकडा काढला यापेक्षा किती काढला यावर अवलंबून आहे. म्हणजे फ्लुरांस परत आले. ठाणी खरी की एकसंध मेंदू खरा, हा वाद शंभर वर्षे चालून तिथेच उभा राहिला.

या वादातून वाट काढली ती रशियाच्या अलेक्झांडर लुरिया यांनी, आणि आमच्या मते या विषयातला सर्वांत मोठा माणूस हाच. जन्म १९०२, मृत्यू १९७७. दुसऱ्या महायुद्धात उरल पर्वताकडच्या एका रुग्णालयात डोक्याला गोळ्या लागलेले सैनिक त्यांच्याकडे येत. या जवानांना पुन्हा बोलते, लिहिते करायचे होते. तिथे नुसता वाद घालून भागणार नव्हते.

लुरिया म्हणाले, आधी 'काम' या शब्दाचाच विचार करा. श्वास घेणे हे काम आहे. पण ते फक्त छातीखालच्या पडद्याचे नाही. तो पडदा थकला तर फासळ्यांमधले स्नायू काम उचलतात. तेही गेले तर माणूस हवा गिळू लागतो. हवा आत जाणे हे ठरलेले असते, ती कोणत्या मार्गाने जाईल ते बदलू शकते. लिहिणे, बोलणे, हिशेब ही तर त्याहून गुंतागुंतीची कामे. त्यांत मेंदूचे पुष्कळ भाग भाग घेतात, पण प्रत्येकाचा वाटा निराळा. म्हणून ठाणेवालेही अर्धे खरे आणि एकसंधवालेही अर्धे खरे.

लिहिण्याचेच घ्या. आवाज नीट वेगळा ओळखणे हे कानशिलामागचा भाग करतो. अक्षराचे वळण, डावे-उजवे हे मागचा वरचा भाग सांभाळतो. एका अक्षरावरून दुसऱ्यावर हात सरकणे हे पुढच्या भागातले काम, आणि काय लिहायला बसलो हे लक्षात धरणे हे कपाळामागच्या भागाचे. 'लिहिता येत नाही' असे चार जण सांगतील, पण चौघांचे कारण चार ठिकाणी असेल आणि चौघांची चूक चार प्रकारची. सहीबद्दल ते म्हणतात, की सराव झालेल्या माणसाची सही अक्षरे जुळवून होत नाही, ती हाताची एक अखंड चाल होऊन बसते. वीस वर्षे नमुना सह्या जुळवणाऱ्या आम्हाला हे कोणी सांगितले नव्हते.

लुरियांनी मेंदूची तीन मोठी अंगे सांगितली. खोल तळाचे अंग जागेपण टिकवते. मागचे अंग पाहिलेले-ऐकलेले घेते, तपासते, साठवते. पुढचे अंग बेत आखते, काम चालवते आणि झालेले काम बरोबर की चूक ते पाहते. बँकेत सांगायचे तर वीजपुरवठा, काउंटर आणि शाखाधिकारी. उपमा फार ताणू नये, कारण शाखाधिकारी रजेवर असला तरी आमची शाखा बरी चालते. मेंदूचे तसे नाही.

त्यांचा झासेत्स्की नावाचा एक रुग्ण होता. १९४३ मध्ये गोळी लागली, डाव्या मेंदूचा मागचा भाग गेला. अक्षरेही ओळखता येईनात. एकेक अक्षर आठवत लिहायला बसला की जमत नसे. मग डॉक्टरांनी सांगितले, अक्षराचा विचार करू नकोस, हात न उचलता शब्द एका दमात लिही. आणि लिहिणे आले! जुनी वाट बंद, पण हाताची सवय ही दुसरी वाट उघडी होती. लिहिलेले त्याला स्वतःला धड वाचता येत नसे. तरीही तो पंचवीस वर्षे लिहीत राहिला, सुमारे तीन हजार पाने. त्यावर लुरियांनी पुस्तक लिहिले आहे, इंग्रजीत मिळते, विद्यार्थ्यांनी अवश्य मिळवावे.

लुरियांचे आणखी एक काम आपल्यासारख्यांच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. १९३१-३२ मध्ये ते उझबेकिस्तानच्या खेड्यांत गेले. निरक्षर शेतकऱ्यांना तर्काची कोडी घातली. शेतकरी म्हणत, जे आम्ही पाहिले नाही त्याबद्दल कसे सांगणार? थोडेसेच शिक्षण झालेले त्याच गावचे लोक मात्र ती कोडी सोडवत. लुरियांचा निष्कर्ष असा, की विचार करण्याची ही रीत जन्मजात ठाण्यातून येत नाही, ती समाज, भाषा आणि शाळा यांतून घडते. हे काम त्यांना चाळीसएक वर्षे छापता आले नाही. ज्यांच्या घरात पहिली वही त्यांच्याच हातात आली, त्या मुलांनी हे ध्यानात घ्यावे आणि बोटांच्या ठशांचे पैसे वाचवावेत.

आजची यंत्रे जिवंत मेंदूतली हालचाल दाखवतात आणि एकेका ठाण्यापेक्षा अनेक भागांच्या जाळ्याबद्दल बोलले जाते. 'माणूस मेंदूचा दहाच टक्के वापरतो' हे भाषणांत ऐकू येते, ते खोटे आहे. सगळा मेंदू वापरात असतो.

एक गैरसमज होऊ नये. दुसरी वाट असते म्हणजे सगळे परत येते असे नाही. मामांचे पूर्ण बोलणे शेवटपर्यंत परत आले नाही. तोंड वाकडे झाले, हात गळाला, जीभ अडखळली की तासही न दवडता रुग्णालय गाठावे; रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. आम्ही मामांना "विश्रांती घ्या, उतरेल" म्हणून सकाळपर्यंत घरी ठेवले होते.

आणि घरी असा माणूस असेल तर त्याच्याशीच बोला, त्याच्याबद्दल नको. छोटे वाक्य बोला. हो-नाहीत उत्तर येईल असे विचारा. मग थांबा, मनात वीस आकडे मोजा. शब्द आपण पुरवू नका. चित्र, बोट, पंजा, काहीही चालेल. मामींनी पुढे एका पुठ्ठ्यावर पाणी, चहा, औषध, पंखा अशी चित्रे चिकटवली होती. त्यात मामांनी खुणेने सांगून एक चित्र वाढवून घेतले, ते रेडिओचे. आम्हाला कोणालाच ते सुचले नव्हते.

ते पेन्शनर काका गेल्या नोव्हेंबरात पुन्हा आले होते. फॉर्म भरून आम्ही तो त्यांच्यापुढे सरकवला आणि म्हणालो, "काका, तपासा." त्यांनी एकेका रकान्यावर बोट ठेवत सगळा तपासला. या वेळी बरोबर होता.